मूसा (अलै.) यांची दुआ आणि आपला माईक

दर्स असो, इज्तेमा असो की जुम्याच्या खुत्ब्याआधीचे बयान, वक्ता माईक हातात घेतो, हम्द आणि दरूद पढतो आणि एका दमात मूसा (अलै.) यांची दुआ म्हणून मोकळा होतो. ती सुरू झाली की आपण मोबाईल सायलेंट करतो, मांडी सावरून बसतो. कार्यक्रम सुरू झाल्याची ती खूण. मीही कित्येक वर्षे तिच्याकडे तसेच पाहिले.

गेल्या वर्षी मोहल्ल्यातील मुलांसाठी रविवारी असरनंतर मराठीतून दर्स घेण्याची जबाबदारी माझ्यावर आली. मी आलिम नाही, इंजिनीअर आहे. त्यामुळे तयारीला जरा जास्तच वेळ दिला आणि तेव्हा ही दुआ पहिल्यांदा अर्थ लावत वाचली. सूरह ताहा, आयत 25 ते 28.

प्रसंग तूरच्या दरीतला आहे. मूसा (अलै.) मदयनहून कुटुंबासह परतत आहेत. नबुव्वत मिळते आणि लगेच हुकूम होतो, फिरऔनकडे जा. ज्याच्या महालात ते वाढले आणि ज्याच्या लोकांपासून जीव वाचवून त्यांना निघावे लागले, तोच हा फिरऔन. अशा वेळी त्यांनी फौज मागितली नाही. छाती मोकळी व्हावी, काम सोपे व्हावे, जिभेची गाठ सुटावी आणि ऐकणाऱ्यांना बोलणे समजावे, असे मागितले.

शेवटची मागणी पुन्हा वाचा. जिभेची गाठ सुटायची ती लोकांना समजावे म्हणून. वक्तृत्वाचे नाव त्यात कुठे नाही. उलट पुढे हाच फिरऔन टोमणा मारतो की, याला धड स्पष्ट बोलताही येत नाही (सूरह जुखरुफ, आयत 52). आणि मूसा (अलै.) स्वतःच अल्लाहला सांगतात की, माझा भाऊ हारून माझ्यापेक्षा स्पष्ट बोलतो, त्याला माझ्या सोबतीला दे (सूरह कसस, आयत 34). एक पैगंबर हे मोकळेपणाने कबूल करतात. आपल्याकडे मात्र वक्त्यांच्या यादीत कोणाचे नाव आधी यावे, यावरून रुसवे होतात.

आता आपल्या सभांकडे या. आमच्याकडची बहुतेक मुले मराठी शाळेत शिकलेली. घरात दखनी बोलतात, पण वाचणे-लिहिणे मराठीत. त्यांच्यासमोर तासभर जड उर्दू चालते. एकदा ‘तज़किया-ए-नफ्स’ या विषयावरचे बयान ऐकून बाहेर पडलेल्या बारावीच्या मुलाला मी विचारले, कसे झाले? म्हणाला, “अच्छा था भाई.” विषय काय होता? थोडा विचार करून म्हणाला, “नफे-नुकसान का कुछ था.” हसू आले, पण दोष त्याचा नव्हता. तासाभरापूर्वी त्याच माईकवरून अल्लाहला विनंती झाली होती की, यांना माझे बोलणे समजू दे.

उर्दूशी माझे भांडण नाही. तफसीरचा केवढा खजिना तिच्यात आहे. पण मराठीत बोलले की दीनचे वजन कमी होते, हे जुन्या मंडळींचे म्हणणे मला पटत नाही. प्रत्येक रसूल आपल्या कौमच्या भाषेत पाठवला गेला, असे सूरह इब्राहीमची चौथी आयत सांगते. मग मराठीनेच काय घोडे मारले आहे?

इथपर्यंत मी इतरांना दोष देत होतो. तिसऱ्या रविवारी माझी पाळी आली. विषय तकदीरचा होता, भाषा अगदी सोपी. एका मुलाने विचारले, “सगळं आधीच लिहिलंय, तर माझ्या अब्बांचं कर्जही अल्लाहनेच लिहिलं का?” मी चटकन म्हणालो, “असे प्रश्न विचारायचे नसतात.” तो गप्प बसला. पुढचे दोन रविवार आलाच नाही.

भाषा मराठीच होती, जीभही अडखळली नव्हती. अडले होते ते छातीत. मूसा (अलै.) यांनी जीभ तिसऱ्या क्रमांकावर मागितली, छाती पहिल्या. मी पहिली मागणी ओलांडून थेट तिसरीवर गेलो होतो. शिवाय, याच सूरहमध्ये पुढे हुकूम आहे की, फिरऔनशीदेखील नरमाईने बोला (आयत 44). कर्जात बुडालेल्या बापाचा मुलगा काय फिरऔनपेक्षा वाईट होता?

मी त्याच्या घरी गेलो. मला उत्तर नीट माहीत नव्हते म्हणून मी तुला दाबले, असे सांगितले. त्याच्या अम्मीने चहा दिला. तो फारसे बोलला नाही, पण पुढच्या रविवारी आला, सर्वांत मागे बसला.

आता दर्सच्या सुरुवातीला मी ही दुआ थांबत थांबत म्हणतो आणि तिचा मराठी अर्थ मुलांपैकीच एकजण सांगतो. मग सगळे मिळून सूरह ताहाच्याच 114 व्या आयतीतील इल्म वाढवण्याची दुआ करतो. त्या आयतीत आधी घाई न करण्याची सूचना आहे, हे मुलांनीच एकदा लक्षात आणून दिले. शेवटची वीस मिनिटे प्रश्नांची. जे मला येत नाहीत ते वहीत लिहून घेतो आणि महिन्यातून एकदा शेजारच्या तालुक्यातील एका आलिमांना बोलावतो. ते अस्सल गावरान मराठीत बोलतात आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगले समजावतात. वहीच्या पहिल्या पानावर पहिला प्रश्न कर्जाचा आहे. त्यांनी त्यावर दोनदा तासभर चर्चा केली. मुलगा अजून पूर्ण समाधानी नाही, पण आता तो पुढच्या ओळीत बसतो.