कोणत्या मदिन्यासारखी?

गावातली जुनी कौलारू मशीद पाडायची, सागाचे खांब विकून टाकायचे आणि त्या जागी सिमेंटचा घुमट, उंच मिनार व गुळगुळीत टाइल्स लावायच्या, असा सपाटा कोकणपट्टीत चालला आहे. कोणी हटकले तर ट्रस्टी मंडळी ठणकावतात, "आता खरी इस्लामी मशीद होणार, मदिन्यासारखी!"

भिवंडीच्या उर्दू शाळांत आम्ही शिक्षक मुलांना मस्जिदे नबवीची हकिकत सांगतो. म्हणूनच आमचा सवाल आहे, कोणत्या मदिन्यासारखी?

इ.स. ६२२ मध्ये हुजूर (स.) मदिन्यात आले आणि मशीद उभी राहिली. भिंती कच्च्या विटांच्या, खांब खजुराच्या बुंध्यांचे, छप्पर झावळ्यांचे. पाऊस आला की ते गळे आणि सजदा चिखलात होई. घुमट नव्हता, मिनार नव्हता, कोनाड्यासारखा मेहराबही नव्हता. हजरत उमर यांनी मशीद वाढवली, पण घडण तीच ठेवली. हजरत उस्मान यांनी दगडी खांब घातले आणि छत केले 'साज' लाकडाचे. साज म्हणजे आपला साग! मिनार आणि मेहराब आले ते खलिफा वलीदच्या काळात, ७०७ नंतरच्या बांधकामात. रौज्यावरचा पहिला घुमट १२७९ चा, सुलतान कलावूनच्या अमदानीतला. त्याला हिरवा रंग लागला १८३७ मध्ये.

हिरव्या घुमटावर आमची मोहब्बत कोणाहून कमी नाही. पण त्याची नक्कल करण्यासाठी आपण जे सागाचे छत उतरवतो, तेच मदिन्याच्या जास्त जुन्या रिवाजाचे आहे, हे ट्रस्टींना कोण सांगणार?

जागा पुरत नाही, ही तक्रार खरी आहे. मग हजरत उमर यांच्यासारखी मशीद वाढवा, पाडता कशाला? आपल्या पूर्वजांनी इथला पाऊस ओळखून उतरते छप्पर घातले, वजूला हौद बांधला. १८०२ मध्ये पुरी झालेली मुंबईची जामा मशीद जुन्या तलावावर उभी आहे. तलाव बुजवला नाही, त्याचाच हौद केला. ही अक्कल अडाण्यांची होती काय?

आणखी एक गोष्ट. मुसलमान इथे तलवार घेऊन आले, असे आपल्याला उठताबसता ऐकवले जाते. अलाउद्दीनची देवगिरीवरील स्वारी १२९६ ची. अरब प्रवासी अल-मसूदी चौलला आला तो हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे जवळपास ३८० वर्षे आधी. राज्य राष्ट्रकूटांचे होते आणि चौलला सुमारे १०,००० मुसलमान नांदत होते. त्यात व्यापारी होते, इथेच जन्मलेलेही होते. त्या राज्यात मशिदी होत्या, नमाज होत होती. कोकणची कौलारू मशीद ही त्याच नांदण्याची निशाणी. ती दुसऱ्या कोणी पाडली तर आपण मोर्चा काढू. आपणच पाडतो तेव्हा मिठाई वाटतो!

मशिदीला हात लावण्याआधी जमातीने निदान एवढे करावे: फोटो काढावेत, मापे घ्यावीत, कतबे उतरवून ठेवावेत, सागाचे खांब नव्या बांधकामात वापरावेत. आणि मदिन्याची नक्कलच करायची असेल, तर सुफ्फ्याची करा. मस्जिदे नबवीतल्या त्या ओट्यावर बेघर सहाबा राहत आणि इल्म शिकत. आमच्या वर्गातली लूम कामगारांची मुले रात्री अभ्यासाला जागा शोधत हिंडतात. एका मिनाराच्या खर्चात त्यांच्यासाठी एक सुफ्फा सहज उभा राहील. चंद्याची पावती फाडण्याआधी प्रत्येकाने आपल्या ट्रस्टींना एवढे तरी विचारावे.