पत्ता मराठीत का नको?

संकेतस्थळाचा पत्ता देवनागरीत असावा असं कुणी म्हटलं, की छत्रपती संभाजीनगरातल्या सुशिक्षितांमधून एक ठरावीक आक्षेप लगेच पुढे येतो. मजकूर मराठीत ठेवा, पत्ता मात्र रोमनच हवा. शाळकरी पोरंसुद्धा फोनवर रोमनमध्ये मराठी लिहितात, मग हा हट्ट कशाला? वर पुस्ती अशी, की देवनागरी पत्त्यांनी फसवणूक वाढेल, परदेशी माणसाला ते वाचता येणार नाहीत आणि हल्ली पत्ता टाईप करतंच कोण! व्यवहारज्ञानाच्या नावाखाली हा निव्वळ आळस खपवला जातो.

रोमन मराठी गप्पांत चालते, कारण पलीकडे माणूस असतो. स्पेलिंग कसंही असलं तरी तो समजून घेतो. संगणक समजून घेत नाही. पत्त्यातलं एक अक्षर चुकलं की गिऱ्हाईक भलत्याच्या दारात जातं, नाहीतर कुठेच पोचत नाही. वेरूळचं घृष्णेश्वर घ्या. सुरुवातीला नुसता जी, की पुढे एच? त्यातला ऋ मराठी माणूस आर-यू असा लिहितो, हिंदी भाविक आर-आय असा. शेवटच्या ‘श्व’ला डब्ल्यू की व्ही? एवढ्या तीन प्रश्नांतूनच आठ स्पेलिंगं तयार होतात. तिथे भाविकांसाठी निवास चालवणाऱ्याने काय आठही पत्ते विकत घ्यायचे? देवनागरीतही ‘घृ’ चुकवणारे भेटतात, पण शुद्ध रूप कोणतं याचा निवाडा शब्दकोश देतो. रोमन मराठीला असा कोशच नाही. वाळूजच्या ‘ळ’ला रोमनमध्ये स्वतंत्र अक्षर नाही, पाणचक्की वाचताना ‘पंचक्की’ होते आणि हिमरूच्या शेवटी यू लावायचा की दोन ओ, हे ज्याचं त्याने ठरवायचं. 2023 साली अधिकृत झालेलं शहराचं नाव रोमनमध्ये 24 अक्षरांचं, त्यातही सुरुवातीला सी आणि दोन एच. देवनागरीत दहा अक्षरांत काम भागतं.

तरीही म्हणे रोमन सोपी!

वाद जुनाच आहे. संगणकावर मराठीचा निभाव लागणार नाही, असंही एकेकाळी याच ठामपणे सांगितलं जायचं. एका छापखान्याची फाइल दुसरीकडे उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसायची, हे खरं. पण म्हणून मराठी सोडायची नव्हती, फाँटची गोंधळबाजी सोडायची होती. 1991 च्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. आज त्याच्याच जोरावर मराठी वर्तमानपत्रं फोनवर वाचली जातात.

फसवणुकीचं म्हणाल, तर 2017 साली गाजलेलं बनावट पत्त्याचं प्रात्यक्षिक रोमनसारख्या दिसणाऱ्या सिरिलिक अक्षरांचं होतं. देवनागरी ‘क’ रोमनच्या कुठल्याही अक्षराशी गल्लत करत नाही. खुद्द रोमनमध्ये लहान एल आणि मोठा आय कित्येक फाँटमध्ये सारखेच दिसतात, म्हणून रोमन बंद करा असं कुणी म्हणालेलं नाही. परदेशी पाहुण्यासाठी रोमन पत्ता जरूर ठेवावा. दोन्ही पत्ते एकाच संकेतस्थळाकडे नेता येतात. आणि शोधून जाणाऱ्यालाही पिशवीवर, पाटीवर, जाहिरातीत छापलेलं नाव आधी वाचता यावं लागतं.

सोय तर कधीचीच झाली आहे. इजिप्त, सौदी अरेबिया, अमिराती आणि रशियाचे स्वतःच्या लिपीतले पत्ते 2010 मध्ये आले, देवनागरीतलं ‘.भारत’ 27 ऑगस्ट 2014 रोजी सुरू झालं आणि त्यात मराठी पहिल्यापासून आहे. ब्राउझर देवनागरी नावाचं ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरमाळेत रूपांतर करतो, त्यामुळे मागची जुनी यंत्रणा तशीच चालते. अडतं ते फॉर्मवर. देवनागरी ईमेल भरला की लाल अक्षरांत ‘चुकीचा पत्ता’ उमटतं, जरी अशा ईमेलचं तांत्रिक मानक 2012 पासून उपलब्ध आहे. हा दोष लिपीच्या माथी मारू नये. तो फॉर्म लिहिणाऱ्याचा आहे.

तेव्हा गुलमंडी-औरंगपुऱ्यातल्या दुकानदारांनी रोमन पत्त्याच्या जोडीला ‘.भारत’चं नाव घ्यावं आणि पाटीवर ते वर लिहावं. महापालिका, जिल्हा परिषद आणि विद्यापीठाने आपले ऑनलाइन फॉर्म देवनागरी पत्ते स्वीकारतात की नाही हे तपासावं, आणि स्वीकारत नसतील तर येत्या निविदेतच तशी अट घालावी.