जमीन सर्वांची, जबाबदारी प्रत्येकाची

१९१० साली दहा तरुण आणि दोन तरुणींनी गालील सरोवराच्या दक्षिण टोकाशी दगानिया ही वसाहत उभारली. जमीन ज्यू राष्ट्रीय निधीची, कष्ट सामायिक, खजिना एक आणि निर्णय सर्वांच्या बैठकीत. किबुत्झांच्या मालिकेतील हा पहिला मणी. पुढे अशा अडीचशेहून अधिक वसाहती उभ्या राहिल्या. ज्या ठिबक सिंचनावर आज आपले शेतकरी विसंबून आहेत, त्याचे उत्पादन १९६० च्या दशकात हात्झेरिम या किबुत्झातच सुरू झाले.

अर्थात किबुत्झ म्हणजे रामराज्य नव्हे. १९८० च्या दशकात अनेक वसाहती कर्जबाजारी झाल्या. २००७ साली खुद्द दगानियानेही समान वाटपाचा नियम सोडला. पण तोही सदस्यांच्या मतानेच. वाटपाची पद्धत बदलली, निर्णयाचा अधिकार मात्र गावाकडेच राहिला.

याच जातीचा प्रयोग आपल्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने केला. वनहक्क कायद्यान्वये २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०१३ साली ग्रामस्थांनी ग्रामदानाचा निर्णय घेतला. जमिनीची मालकी ग्रामसभेची, कसणारा मात्र तोच शेतकरी. गावाबाहेरच्याला विक्री नाही. महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा १९६४ चा; पण मेंढ्याला बळ दिले ते कायद्याने नव्हे, तर वर्षानुवर्षे सर्वसहमतीने निर्णय घेण्याच्या सवयीने.

आणि आमची हिंगोली? वाटण्या होत होत सातबारावरील नावे वाढली, शेते आक्रसली. हळद शिजवण्याचे व पॉलिशचे यंत्र एकट्या अल्पभूधारकाला झेपत नाही. उपाय म्हणून शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या. परंतु ज्या केवळ अनुदानाकडे डोळे लावून जन्मल्या, त्या अनुदानाबरोबरच आटतात. दोष योजनेचा की आपला?

किबुत्झाचे सामायिक स्वयंपाकघर आपल्याला नको असेल. घ्यायची आहे ती बैठक. महिन्यातून एकदा गावाने एकत्र बसावे, हिशेब उघडा ठेवावा आणि शेवटचा माणूस राजी होईपर्यंत थांबावे. संत नामदेवांच्या नरसीचा हा जिल्हा. दिंडीत शेकडोंची चूल एकत्र पेटवणाऱ्या समाजाला एक यंत्र सामायिक ठेवता येऊ नये काय? ज्या गावाला एकत्र बसता येत नाही, त्याची जमीन कोणताही कायदा वाचवू शकणार नाही.