टोबॅगोच्या दोन जागा

त्रिनिदाद व टोबॅगोचे माजी पंतप्रधान श्री. बासदेव पांडे १ जानेवारी २०२४ रोजी वारले. हा देश आपल्या मॉरिशसपासून फार दूर. पण उसाच्या मळ्यांवर राबायला भारतातून गिरमिटिया मजूर तेथेही गेले. आपल्याकडे ते १८३४ साली उतरले, तेथे १८४५ साली. म्हणून पांडे यांची राजकीय वाटचाल आपण नीट पाहावी, असे आम्हांस वाटते.

लंडनला कायदा शिकून पांडे १९६५ साली परतले. १९७३ साली ते ऊस कामगारांच्या संघटनेचे प्रमुख झाले. १९७६ च्या निवडणुकीत ऊस व तेल कामगारांच्या नेत्यांनी मिळून उभारलेल्या पक्षाला ३६ पैकी १० जागा मिळाल्या आणि पांडे विरोधी पक्षनेते झाले. केवळ उसाच्या पट्ट्यातील मतांवर सत्ता येत नाही, हे मात्र स्पष्ट झाले.

१९८६ साली त्यांनी टोबॅगोचे नेते श्री. रॉबिन्सन यांच्याशी हात मिळवले. त्या आघाडीने ३३ जागा जिंकल्या. रॉबिन्सन पंतप्रधान झाले, पांडे परराष्ट्रमंत्री. दोनच वर्षांत दोघांचे फाटले. पांडे बाहेर पडले आणि १९८९ साली त्यांनी नवा पक्ष काढला.

१९९५ साली दोन्ही मोठ्या पक्षांना प्रत्येकी १७ जागा मिळाल्या. उरलेल्या दोन टोबॅगोच्या, रॉबिन्सन यांच्या पक्षाच्या. जुना राग विसरून रॉबिन्सन यांनी पाठिंबा दिला. बहुसंख्य आफ्रिकी वंशाच्या त्या लहानशा बेटाने भारतीय वंशाचा पहिला पंतप्रधान घडवला! १९९७ साली रॉबिन्सन राष्ट्राध्यक्ष झाले.

२००० साली पांडे यांना १९ जागा, म्हणजे स्वतःचे बहुमत मिळाले. येथूनच घसरण सुरू झाली. पराभूत उमेदवारांना सिनेटमध्ये नेमण्यावरून राष्ट्राध्यक्षांशी वाद झाला. पुढे स्वतःचेच तीन मंत्री उलटले. डिसेंबर २००१ मध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि निकाल लागला १८–१८. निर्णय रॉबिन्सन यांच्या हाती होता. त्यांनी श्री. मॅनिंग यांना पंतप्रधान नेमले.

पुढे लंडनच्या बँक खात्याची माहिती न दिल्याबद्दल २००६ साली पांडे यांना शिक्षा झाली. अपिलात ती रद्द झाली. २०१० साली पक्षाचे नेतृत्व श्रीमती कमला प्रसाद-बिसेसर यांच्याकडे गेले. त्यांनी इतर पक्षांना सोबत घेतले आणि त्याच वर्षी त्या पंतप्रधान झाल्या. २०२५ साली पुन्हा.

पांडे यांनी हात जोडले तेव्हा ते चढले, सोडले तेव्हा पडले. आपण मराठी माणसे या बेटावर मूठभर आहोत. संख्या कमी म्हणून खचू नये; दोन जागांनीही राज्य उभे राहते. आणि मोठ्यांनी जिंकल्यावर त्या दोन जागा विसरू नयेत.