धातुमळीतील क्रोमियम आणि गावाचे पाणी

पोलाद व फेरोक्रोम यांच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या धातुमळीत, म्हणजेच स्लॅगमध्ये, धातूचे कण अडकून राहतात. मळी फोडून, दळून व पाण्यात धुऊन हे जड कण परत मिळविता येतात. टाकाऊ वस्तूतून संपत्ती निर्माण करणारा हा उद्योग स्तुत्य आहे. मात्र त्याचा नफा मोजताना क्रोमियमच्या बंदोबस्ताचा खर्च वगळणे अन्यायाचे आहे. कारण तो खर्च मग शेजारच्या गावाला आपल्या आरोग्यातून भरावा लागतो.

क्रोमियमची मुख्य रूपे दोन. त्रिसंयुजी रूप पाण्यात फारसे विरघळत नाही. षट्संयुजी रूप सहज विरघळते व जमिनीतून झिरपत विहिरीपर्यंत पोहोचते. त्याने त्वचेवर व्रण पडतात; त्याची धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग संभवतो. मळीत बहुधा पहिले रूप असते. परंतु चुनायुक्त मळीचा चुरा हवेत उघडा पडून राहिल्यास त्याचा काही अंश दुसऱ्या रूपात पालटू शकतो.

यावर उपाय आहे. दळताना धूळ उडू देऊ नये. धुण्याचे पाणी बंदिस्त टाक्यांत फिरवून पुन्हा वापरावे. बाहेर सोडावयाच्या पाण्यात योग्य प्रमाणात हिराकस मिसळल्यास षट्संयुजी क्रोमियम त्रिसंयुजी होते व चुन्याच्या योगाने गाळाच्या रूपाने खाली बसते. हा गाळ अस्तर घातलेल्या सुरक्षित खड्ड्यातच गेला पाहिजे. हे सर्व काम कारखान्याचे आहे. शेतकऱ्याने आपल्या विहिरीत हिराकस टाकून पाहू नये.

१८७८ साली पुढे आलेल्या थॉमस पद्धतीतील स्फुरदयुक्त मळी युरोपात खत म्हणून वापरली गेली, हे खरे. तेवढ्यावरून प्रत्येक मळी खत ठरत नाही. स्टेनलेस पोलादाची वा फेरोक्रोमची मळी फुकट मिळाली तरी तपासणीच्या अहवालाशिवाय शेतात, गोठ्याच्या भरावात किंवा विहिरीच्या काठी टाकू नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी अशा कारखान्याजवळील विहिरींचे नमुने पावसाळ्यापूर्वी व नंतर प्रयोगशाळेत पाठवावेत. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. पाणी पिवळसर दिसल्यास संशय घ्यावा. पण स्वच्छ दिसणारे पाणी निर्दोष असतेच असे नाही आणि उकळल्याने क्रोमियम जात नाही.

धातू ज्याने घ्यावा, त्यानेच त्याचे विषही सांभाळावे. अहवाल मागणे हा ग्रामसभेचा हक्क आहे आणि तो तिने बजावलाच पाहिजे.