बरोबर कोण जाणार?

मुलामुलींनो, शाळेचा संघ निवडला जातो, नावांची यादी फळ्यावर लागते, आणि दुसऱ्याच दिवशी त्यातली एखादी मुलगी मान खाली घालून सांगते, ‘टीचर, अब्बा नको म्हणतात.’ मुलाच्या बाबतीत असे क्वचितच घडते. मुलीच्या घरी मात्र पहिला प्रश्न हाच असतो, की बरोबर कोण जाणार?

हा प्रश्न चुकीचा आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. आपले केम हे करमाळा तालुक्यातले गाव. कुंकवामुळे त्याचे नाव दूरवर गेले आहे आणि सोलापूर-पुणे लोहमार्गावर त्याचे स्टेशनही आहे. पण शालेय स्पर्धा आपल्या दारात होत नाहीत. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा त्यांच्या पायऱ्या असतात. संघ जिंकत गेला, की सामन्याचे ठिकाण लांब लांब जाते. म्हणजे मुलगी जितकी चांगली खेळेल, तितकी घरातली काळजी वाढते! तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचा मुक्काम कोठे आहे, याची चौकशी आईबापांनी करायची नाही तर कोणी करायची? माझे म्हणणे एवढेच आहे, की प्रश्न विचारून थांबू नये. त्याचे सर्वांत चांगले उत्तर घरातच असते. ‘मी जातो,’ असे अब्बांनी म्हणावे किंवा ‘मी जाते,’ असे अम्मीने म्हणावे.

बास्केटबॉलचे उदाहरण घ्या. मैदानावर एका बाजूला पाच खेळाडू असतात. पाच जणी हजर नसतील, तर नियमाप्रमाणे सामना सुरूच होत नाही. शहरातल्या मोठ्या शाळेकडे बदली खेळाडू पुष्कळ असतात. लहान शाळेला पाच-सहा मुली जमवतानाच दमछाक होते. अशा वेळी एका घराने ‘नको’ म्हटले, की उरलेल्या चौघींचा वर्षभराचा सरावही वाया जातो. कबड्डीत सात आणि खो-खोत नऊ जणी लागतात, म्हणजे तेथे अडचण आणखी मोठी. ‘आमच्या मुलीचे आम्ही बघू,’ असे म्हणणाऱ्या पालकाच्या हे ध्यानात येत नाही, कारण तो संघाला कधी भेटलेलाच नसतो.

दुसरी अडचण कपड्यांची. तिच्याबद्दल आपण मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून ती मनात राहते. बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने डोके झाकून खेळण्यास अनेक वर्षे मनाई केली होती. २०१४ मध्ये दक्षिण कोरियातल्या इंचॉन येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. तेथे कतारच्या मुलींना हिजाब काढण्यास सांगितले गेले. त्यांनी तो काढला नाही आणि स्पर्धेतून माघार घेतली. अमेरिकेतील बिल्किस अब्दुल-कादिर ही शाळेत असल्यापासून नावाजलेली खेळाडू. तिलाही याच नियमाने पुढे अडवले. तिने आणि इतर अनेकींनी सतत मागणी केली. शेवटी २०१७ मध्ये नियम बदलला आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून डोके झाकून खेळण्यास परवानगी मिळाली. तेव्हा डोक्यावर कापड आहे म्हणून बास्केटबॉल बंद, असे आज कोणी सांगितले, तर त्याला हा नियम दाखवावा. मुलीने काय घालावे, हे घरच्यांनी आणि तिने ठरवावे. खेळ सोडणे हा त्यावर उपाय नव्हे.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. बास्केटबॉलचा जन्म १८९१ मध्ये अमेरिकेत झाला. थोड्याच दिवसांत स्मिथ कॉलेज या मुलींच्या महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो सुरू केला. १८९३ मध्ये तेथे मुलींचा सामना झाला, तेव्हा पुरुषांना आत येण्यास बंदी होती. म्हणजे परदा काही आपल्याच मोहल्ल्यात नव्हता! आज मैदानाचे दार बापाला उघडे आहे. तरी तो घरीच बसतो.

सगळेच बसत नाहीत. तेलंगणातल्या निझामाबादची निखत झरीन २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीत मुष्टियुद्धात जगज्जेती झाली. तिचे वडील जमील अहमद स्वतः खेळाडू होते आणि त्यांनीच तिला मैदानावर नेले. लोक मुलीच्या कपड्यांवरून बोलत, मुष्टियुद्ध हा मुलींचा खेळ आहे का, असेही विचारत. वडील तिच्या मागे उभे राहिले. ‘हिच्याबरोबर कोण आहे?’ असे तिच्याबाबत कोणाला विचारावे लागले नसेल.

आता कोणी म्हणेल, रोजंदारीवर जाणाऱ्याने दोन दिवसांची मजुरी बुडवून सामने पाहत फिरायचे काय? हा आक्षेप खरा आहे आणि उपदेशाने तो दूर होणार नाही. पण प्रत्येक मुलीच्या घरातून प्रत्येक वेळी कोणी यावे, असे कोठे आहे? चार घरांनी पाळी लावावी. एका वेळी एकाची अम्मी, दुसऱ्या वेळी दुसरीचे मामू किंवा चाचा. आणि शाळेनेही मुलींच्या संघाबरोबर एक शिक्षिका पाठवलीच पाहिजे. या बाबतीत शाळेची सबब मला मान्य नाही.

बरोबर आलेल्या पालकाने मात्र मैदानाबाहेर शांत बसावे. काही बाप पंचांवर ओरडतात, तर काही आपल्याच मुलीला सर्वांदेखत रागावतात. मुलीची नजर मग बास्केटऐवजी बापाच्या चेहऱ्याकडे जाते आणि चेंडू हातून सुटतो. पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात, बाहेर बसलेल्या बदली मुलीशी दोन शब्द बोलावे, परतीच्या गाडीची वेळ पाहावी. संघ हरला, तर परतीच्या प्रवासात सामन्याचा विषय मुलीने काढेपर्यंत काढू नये.

मुलींनो, यंदा तुमचे नाव यादीत आले, तर घरी नुसते ‘जाऊ का?’ असे विचारू नका. सामने कोणत्या तारखेला आहेत, मुक्काम कोठे आहे, बरोबर कोणत्या टीचर आहेत आणि परत कधी यायचे, हे एका कागदावर लिहून न्या. तो कागद अब्बांच्या हातात द्या आणि विचारा, ‘अब्बा, तुम्ही येता का?’