जोर लावू नका, धार लावा!

बोथट हत्याराला शिव्या देणाऱ्या माणसांचा आम्हांला मनापासून राग आहे. हत्यार बिचारे मुके. महिनोन्‌महिने त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, आणि ऐन कामाच्या वेळी ते अडले की मालक म्हणतो, "छे! माल हलका निघाला!" विळी, कात्री, वस्तरा, सगळ्यांनी ही बोलणी खाल्ली आहेत. पण हल्ली सगळ्यांत जास्त बोलणी खाते ती पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, म्हणजे चेन-सॉ.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर आमच्या ओळखीच्या कितीतरी पडव्यांत हे यंत्र येऊन बसले. आणि काय चमत्कार पाहा! कोयता पाजवल्याशिवाय उंबरा न ओलांडणारा माणूस हे यंत्र हाती येताच पाजवणे विसरला. का, तर म्हणे याला इंजिन आहे! अहो, इंजिन साखळी फिरवते. लाकूड कापायचे ते दात्यांनीच.

आमचे एक मेहुणे आहेत. आंब्याच्या ओंडक्यावर करवत टेकवून ते असे ओणवे होतात, की पाहणाऱ्याला वाटावे, ओंडक्याच्या कानात काही गुपित सांगताहेत. वर धूर, खाली पिठासारखा भुसा, आणि वर पुन्हा विचारणार, "काय, कशी चालत्येय?" पीठ गिरणीतून पडावे, मेहुणे! धारदार साखळीतून ढलप्या उडतात आणि करवत आपली आपण लाकडात शिरते. बारीक भुसा पडू लागला, की दाते कापत नाहीत, नुसते घासताहेत, असे समजावे.

"मग नवी साखळी घेऊ की!" हा पहिला युक्तिवाद. या हिशेबाने टोक मोडले की नवी पेन्सिल आणावी! "दुकानात मशीनवर धार लावून आणतो," हा दुसरा. दाता खिळ्यावर किंवा दगडावर आपटून तुटला असेल, तर खुशाल मशीनवर न्या. पण घाईच्या हातातले ते फिरते चाक दाता तापवून निळा करते, पाणी उतरवते आणि गरजेपेक्षा जास्त लोखंड खाते. "वेळ कुठाय?" हा तिसरा. चहा उकळेपर्यंत शेजारच्या घरातले भांडण ऐकायला वेळ असतो ना? तेवढ्यात काम होते.

इंजिन बंद करा, ब्रेक लावा, हातमोजे घाला. साखळीच्या मापाची गोल कानस घ्या. लहान करवतींना बहुधा ४ मिलिमीटरची लागते, मोठ्यांना ४.८ किंवा ५.५ ची. बहुतेक साखळ्यांना ३० अंशांचा कोन चालतो. दात्याच्या आतून बाहेर, नुसते पुढे ढकलायचे. येताना कानस उचलायची. खसाखसा मागेपुढे करायला ते दंतमंजन नव्हे! दोन-तीन हात पुरे, पण डाव्या-उजव्या दात्यांना सारखेच. नाहीतर करवत एका अंगाला जाऊ लागते. दात्यापुढे जो बुटका खुंट असतो, तो अधूनमधून चपट्या कानशीने उतरवायचा, पण दात्याच्या टोकाहून सुमारे ०.६५ मिलिमीटरच खाली. जास्त उतरवलात, तर करवत उसळून अंगावर येईल.

हसण्यावारी नेऊ नका. या साखळीचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या घरात असतो. बोथट साखळीवर जोर लावणारा माणूस दमतो, दमलेला हात घसरतो, आणि पुढे मांडी असते. मांडीला कानस लावता येत नाही.

शेवटी एक सांगतो. आजच्या साखळीचा दाता सुचला तो १९४६ साली, अमेरिकेतल्या ऑरेगॉनच्या जंगलात. जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने ओंडका पोखरणारी भुंग्याची अळी पाहिली. ती जबड्याने डावीउजवीकडे कुरतडत लाकडात सरळ वाट काढत होती. त्याने तसेच दाते बनवले आणि १९४७ साली ती साखळी बाजारात आणली. त्या अळीपाशी ना इंजिन होते, ना पेट्रोल. आणि ओंडक्यावर ओणवे होऊन तिने कधी जोर लावल्याचेही ऐकिवात नाही.